कोरडा खोकला

उन्हाळा तापला तशा म्हशी आटल्या. दूध केंद्रावर सकाळी वीस कॅन भरायचे ते नऊवर आले, आणि चेअरमननं मिशीवर बोट फिरवत सांगून टाकलं, की केंद्र म्हणजे काही धर्मशाळा नाही. पुढच्या महिन्यापासून दोनाऐवजी एकच माणूस ठेवणार.

केंद्रावरची ही दोन माणसं म्हणजे सख्खे भाऊ. थोरला मापाडी. वीस वर्षं तो दूध मापत होता आणि बादली काट्यावर टेकायच्या आधी किती भरणार ते सांगायचा. लोक मुद्दाम त्याची परीक्षा बघायचे आणि हरायचे. धाकटा कॅन धुवायचा, गाडीत चढवायचा, फरशीवर पाणी मारायचा. दोघांतला कोण राहणार हे विचारायची गरजच नव्हती. म्हणून मापाड्याची बायको त्या उन्हाळ्यात निर्धास्त होती.

घरात तिला सगळे थोरली म्हणत आणि तिच्या जावेला धाकटी. एकाच घरात मधोमध भिंत घालून दोन संसार केलेले होते. अंगण एक, पाण्याची टाकी एक, गोठा एक. सासूची खाट थोरलीकडं, कारण थोरलीचा चहा कडक असतो असं म्हातारीचं म्हणणं. म्हातारीला पायाच्या सुजेवर लघवीची गोळी चालू होती. ती सकाळी घेतली, की दुपारपर्यंत म्हातारीच्या परसाकडं खेपा चालायच्या आणि प्रत्येक खेपेला ती गोळी देणाऱ्या डॉक्टरच्या सात पिढ्या उद्धरायची. पण पाय उतरले होते हेही खरं.

त्याच सुमाराला आरोग्य केंद्रानं शाळेच्या पटांगणात शिबिर घेतलं. मापाड्याच्या दंडाला पट्टा बांधून नर्सनं दोनदा फुगवला, तिसऱ्यांदा फुगवला आणि त्याला बाजूला बसवलं. रक्तदाब निघाला. औषधांच्या खिडकीतल्या माणसानं गुलाबी गोळ्यांच्या तीन पट्ट्या पुढं सरकवल्या. "रोज एक. चुकवायची नाही. जन्मभर," असं म्हणून त्यानं पुढच्याला हाक मारली. गोळी काय करते, काय करू शकते, हे ना त्यानं सांगितलं ना ह्यानं विचारलं.

मापाडी मुळातच काट्यावरचा माणूस. सकाळी केंद्रावरून आला, की हात धुवायचा, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचा आणि बरोबर आठच्या ठोक्याला गोळी घशाखाली घालायचा. एक दिवस चुकला नाही. महिन्याभरात तो खोकायला लागला.

खोकला कोरडा. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात गवताची काडी अडकावी तशी खवखव. एकदा लागला, की डोळ्यांतून पाणी काढायचा. थोरलीनं आलं दिलं, मध दिला, मिठाच्या गुळण्या करायला लावल्या. खोकला हटेना. मापाडी काट्याशी उभा असायचा, घशात खवखवायला लागलं की तोंड खांद्यात खुपसायचा, पण बादली हातात असायची आणि रांगेतल्या शेतकऱ्यांची नजर बादलीवर असायची. मग त्यानं तोंडाला फडकं बांधलं. त्यानं तर लोकांची खात्रीच पटली, की ह्याला क्षय आहे.

एक दिवस चेअरमननं त्याला खोलीत बोलावलं. "थोडे दिवस घरी बस. छाती तपासून ये."

आरोग्य केंद्रात त्याला छोटी डबी दिली आणि बेडका आणायला सांगितलं. मापाडी इमारतीमागं अर्धा तास उभा राहून खाकरत होता. डबीत पडायला नुसती थुंकी. दोनदा तपासलं, छातीचा फोटो काढला, काही निघालं नाही. तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून तो दूध केंद्रावर गेला. काट्यापाशी धाकटा भाऊ उभा होता आणि त्याच्या गळ्यात मापाड्याचाच रबरी एप्रन होता.

चेअरमननं कागद उलटसुलट बघितला. "कागदाचं ठीक आहे रे. पण लोक दूध घालेनात तर मी केंद्र कशावर चालवू?"

पुढचे दिवस थोरलीनं दातावर दात ठेवून काढले. तिच्या दोन म्हशींपैकी एक अजून दूध देत होती. ती किटली घेऊन रांगेत उभी राहिली, की पुढची बाई दोन पावलं पुढं सरकायची आणि मागची दोन पावलं मागं. दिरानं तिचं दूध वेगळ्या कॅनमध्ये ओतलं. "हुकूम आहे वहिनी. माझ्या हातात काय आहे?" दोन दिवसांनी ती किटली घेऊन गेली तेव्हा त्या वेगळ्या कॅनमधलं दूध गटारात सोडलेलं तिनं डोळ्यांनी बघितलं. पांढरा फेस फरशीवरून वाहत जाऊन नालीच्या जाळीत अडकला होता. घरी येऊन तिनं म्हशीच्या पाठीवर उगाचच एक रट्टा घातला आणि मग तिच्याच गळ्यात पडून रडली.

लेकीला शाळेत दाराजवळ एकटीला बसवायला लागले. म्हातारीनं एक दिवस स्वतःच खाट ओढायला घेतली, भिंतीच्या पलीकडं. "मला काही नाही, पण म्हाताऱ्या छातीला लगेच धरतं म्हणतात," एवढं बोलून ती गेली. परसाकडं जाताना मात्र ती थोरलीच्या दारावरूनच जायची, कारण तोच रस्ता जवळचा.

एकटी धाकटीच पहिल्यासारखी यायची, थोरलीच्या चुलीपाशी बसायची आणि त्यांच्याच कपातून चहा प्यायची. "मला काय धाड भरलीये?" म्हणायची. थोरलीला ते बरं वाटायचं, आणि बरं वाटतंय याचाही राग यायचा.

गावात थोरलीला कुणी कामावर बोलवेना. ती चार कोसांवर पुलाच्या कामावर वाळू चाळायला जायला लागली. तिरपी उभी केलेली मोठी चाळणी, खाली वाळूचा ढीग, हातात फावडं. उचलायचं, फेकायचं, खडे बाजूला. दुपारपर्यंत खांदा हाडातून निखळल्यासारखा व्हायचा आणि दातांत वाळू करकरायची. तिथंच एकदा दुधाच्या गाडीचा ड्रायव्हर पाणी प्यायला थांबला. तो भला माणूस, बोलायला सैल.

"मापाडीदादाची तब्येत काय म्हणते? रक्त पडायचं थांबलं का?"

"कसलं रक्त?"

"थुंकीतून. तुमच्या दिरानंच सांगितलं की चेअरमनला, माझ्यासमोर. म्हणाला, घरची गोष्ट आहे, बोलू नये, पण लोकांच्या लेकराबाळांचा प्रश्न आहे, दादाच्या थुंकीत मी स्वतः रक्त बघितलंय."

थोरलीनं फावडं वाळूत रोवलं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ड्रायव्हरची चूळ भरून झाली, गाडी निघून गेली, तरी ती तशीच उभी होती. मुकादम ओरडला तेव्हा तिनं फावडं उचललं, आणि त्या संध्याकाळपर्यंत तिनं चाळलेल्या वाळूत एक खडा सापडला नसता. घरी येऊन तिनं नवऱ्याला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, तो असं बोलणार नाही. आणि पटलं असतं तर म्हणाला असता, जाऊ दे. ह्या दोन्हींतलं काहीही ऐकायची तिची तयारी नव्हती.

तिनं नवऱ्याला धरून मोठ्या गावच्या दवाखान्यात नेलं. तिथं एक म्हातारा डॉक्टर होता, कानात केस वाढलेले, आवाज खडा. त्यानं छाती ऐकली, जुने कागद बघितले आणि विचारलं, "कुठलं औषध चालू आहे?" मापाड्यानं खिशातून पट्टी काढली. डॉक्टरनं ती चष्म्यापुढं धरली आणि कपाळावर हात मारला.

"गोळी आधी का खोकला आधी?"

"गोळी आधी," थोरली म्हणाली.

"मग चार महिने कुणाला सुचलं नाही?" त्यानं पट्टी टेबलावर ठेवली. "ऐका. आपल्या शरीरात एक द्रव्य तयार होतं. ते रक्ताच्या नळ्या आवळतं. नळ्या आवळल्या की दाब वाढतो. ही गोळी ते द्रव्य बनूच देत नाही. नळ्या सैल पडतात, दाब उतरतो. काम चोख करते. पण तिच्यामुळंच दुसरं एक द्रव्य छातीत, घशात साठत जातं. एरवी ते आपोआप मोडून जायचं, ते आता मोडत नाही. ते घशाला खाजवत बसतं. दहाजणांत एखाद्याला होतं असं. खोकल्याचं कसलंही औषध पाजा, उपयोग शून्य."

"म्हणजे गोळी वाईट?"

"वाईट कशानं? माझ्या बायकोला हीच चालू आहे. ठणठणीत आहे. ह्यांना सोसत नाही एवढंच. मी दुसरी देतो, तीही दाबाचीच, पण तिची वाट वेगळी आहे. आणि हे बघा, दाबाची गोळी आपल्या मनानं कधी बंद करायची नाही. बदलून घ्यायची. बंद केली तर दाब उसळतो, आणि तो खोकल्यासारखा ओरडून सांगत नाही."

तीन आठवड्यांत खोकला गेला. सकाळी उठून मापाडी स्वतःच कान देऊन बसायचा, येतोय का बघायला. आला नाही. तो दाढी करून, धुतलेला सदरा घालून केंद्रावर गेला. थोरली किटली घेऊन मागं होती.

रांगेत वीसेक माणसं. मापाडी काट्याकडं गेला. "अरे, तो खोकला म्हणजे..." एवढंच तो बोलला.

धाकट्यानं हात वर केला. "दादा, लांब उभा राहून बोल. लोकांचं दूध आहे."

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मापाडी दोन पावलं मागं सरला. त्यानं मान खाली घातली आणि तो चालू लागला. वीस वर्षांत ज्या फरशीवर तो कधी घसरला नव्हता तिथं त्याचा पाय निसटला आणि त्यानं कॅनचा कान धरून तोल सावरला. तो कॅन धाकट्यानं लगेच धुवायला घेतला.

थोरलीनं त्या क्षणी मनाशी गाठ मारली. तो दवाखाना, तो डॉक्टर, ती गोळी, ह्यांतलं एक अक्षर ह्या माणसाच्या कानावर आपल्या तोंडून पडायचं नाही. तेव्हा तिला स्वतःलाही ठाऊक नव्हतं, की तसं करून काय साधणार आहे. कुणाचा तरी घास काढून घ्यावासा वाटत होता, आणि काढून घेण्यासारखं तिच्याकडं तेवढंच होतं.

पाऊस झाला तरी मापाड्याला केंद्रावर कुणी बोलावलं नाही. तो शहराकडच्या शीतगृहात पोती उचलायला गेला. चार-सहा महिन्यांनी एकदा येईन म्हणाला. जाताना धाकट्याच्या दाराशी जाऊन "आईकडं बघ रे" म्हणून सांगून आला. थोरली ते बघत ओठ चावत उभी होती.

थंडी पडायला लागली आणि पुन्हा शिबिर आलं. ह्या वेळी दूध केंद्राच्याच छपराखाली. दुपारी धाकटी हातात पट्ट्या घेऊन आली.

"जाऊबाई, ह्यांनापण निघाला दाब. घराण्यातच आहे म्हणाली नर्स. ही बघा, दादांची होती तशीच गुलाबी गोळी."

थोरलीनं पट्टी हातात घेतली. तीच. कोपऱ्यावरचा रंगसुद्धा तोच.

"रोज एक घ्यायची," ती म्हणाली. "चुकवायची नाही."

दुसऱ्या दिवसापासून ती कान टवकारून बसायला लागली. सकाळी धान्य निवडायला ती भिंतीला पाठ लावून बसायची. पलीकडं भांडी वाजायची, म्हातारी कुरकुरायची, दीर घसा साफ करायचा, आणि थोरलीचा हात सुपात थांबायचा. पण तो नुसताच सकाळचा घसा असायचा. आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. दहाजणांत एखाद्याला, असं डॉक्टर म्हणाला होता. म्हणजे नऊजण सुटतात. हा नवांतला निघणार, असं वाटून ती चिडायला लागली. ज्याला सगळं मिळतं त्याला गोळीपण सोसते, असं ती म्हशीला सांगायची.

पाचव्या आठवड्यात एकदा ती अशीच बसली होती आणि पलीकडून खोकला आला. कोरडा. थांबला. पुन्हा आला, लांबलचक, शेवटी श्वास ओढलेला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. चार महिने तो तिच्या घरात राहून गेला होता. थोरलीनं सूप खाली ठेवलं आणि ती हसली. कितीतरी दिवसांत ती अशी हसली नव्हती. त्या दिवशी तिनं लेकीची वेणी घालताना गाणं म्हटलं.

पुढचं तिला काही करावंच लागलं नाही, असं ती पुढं स्वतःला सांगायची. ते तितकंसं खरं नव्हतं. पाण्याच्या टाकीवर चार बायकांत तिनं दिराचा पेला उचलला आणि वेगळा ठेवला, एवढंच. लेकीला म्हणाली, "काकांच्या फार जवळ जाऊ नकोस," तेही जरा मोठ्यानं. बायकांनी एकमेकींकडं बघितलं. घरातच आहे म्हणायचं, असं एकीच्या तोंडून निघालं, आणि थोरली मूग गिळून घागर भरत राहिली.

धाकट्यानं पेटीवाल्या डॉक्टरला गाठलं. हा मोटरसायकलवर पेटी बांधून गावोगाव फिरायचा आणि डॉक्टर म्हटलं की खूश व्हायचा. त्यानं आधी खोकल्याचं गोड औषध दिलं. त्यानं खोकला तसाच राहिला, पण धाकट्याला झोप अनावर व्हायला लागली. काट्याशी उभ्याउभ्या तो पेंगायचा. एकदा त्यानं एका शेतकऱ्याचं दूध दुसऱ्याच्या नावावर चढवलं आणि भर रांगेत शिव्या खाल्ल्या. मग पेटीवाल्यानं जंतूंवरच्या जाड्या गोळ्या दिल्या, सात दिवसांच्या. त्यानं पोट बिघडलं. दिवसातून सात-आठ वेळा धाकटा टमरेल घेऊन पळायचा आणि परसाच्या वाटेवर आईशी त्याची गाठ पडायची. मग जुलाबाची गोळी. त्यानं पोट असं बांधलं गेलं, की चार दिवस काही हलेना. एका गोळीनं केलेलं निस्तरायला दुसरी, दुसरीचं निस्तरायला तिसरी. आणि रोज सकाळी, न चुकता, गुलाबी. कारण धाकटी स्वतः ती त्याच्या हातावर ठेवायची.

थोरली हे सगळं बघत होती. दिराचे गाल बसले. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. तिला वाटायचं, अजून. गटारातला तो फेस डोळ्यांपुढं आला, की वाटायचं, अजून थोडं.

एका दुपारी दोघी जावा गोठ्यात चारा तोडत होत्या. धाकटी यंत्राचं चाक फिरवत होती, थोरली पेंढीचं तोंड पात्याखाली सारत होती. धाकटी मध्येच थांबली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले होते.

"जाऊबाई, दादांचा खोकला कशानं गेला हो?"

थोरलीनं मान वर केली नाही. "कशानं म्हणजे? गेला आपोआप."

"आपोआप कसा जाईल? तुम्ही मोठ्या दवाखान्यात गेला होतात ना? काय म्हणाले ते? आम्ही जाऊ का तिथं?"

एक वाक्य होतं. जीभ उचलली की संपलं असतं. ही त्यांच्या कपातून चहा प्यायलेली बाई, एकटी. थोरलीच्या ओठांपर्यंत ते आलंसुद्धा. तेवढ्यात भिंतीपलीकडं दीर खोकला, आणि तिच्या कानात दुसराच आवाज उठला, लांब उभा राहून बोल.

"कशाला हेलपाटा? ताकदीच्या गोळ्या दिल्या त्यांनी," ती म्हणाली. "हवा बदलली की जातं. चल, फिरव."

धाकटीनं चाक फिरवलं. तिनं विश्वास ठेवला, हे थोरलीला तिच्या हाताच्या जोरावरूनच कळलं. त्या रात्रीचं जेवण थोरलीला गेलं नाही. पण ती उठून पलीकडं गेली नाही ती नाहीच.

चेअरमननं धाकट्यालाही घरी बसवलं. शब्दसुद्धा बदलले नाहीत, थोडे दिवस घरी बस. काट्यावर कुठला तरी लांबचा माणूस आणून उभा केला, चेअरमनच्या मेव्हण्याचा कोणीतरी. मापाड्याला बोलावणं येईल अशी एक आशा थोरलीनं मनात धरली होती, तिच्यावर पाणी पडलं. म्हातारीनं पुन्हा खाट ओढली, ह्या वेळी उलट दिशेनं. "तुझा चहा कडक असतो," असं म्हणत ती थोरलीच्या दारात उभी राहिली. थोरलीनं खाटेचा एक पाय धरून ती आत घेतली, पण चहा तिनं त्या दिवशी मुद्दाम पाणचट केला.

धाकट्याच्याही बेडक्यात, छातीच्या फोटोत काही निघालं नव्हतं. शेवटी पेटीवाला म्हणाला, कागद काही म्हणोत, हा खोकला छातीचाच, मोठा कोर्स सुरू करू. दुसऱ्याच दिवशी धाकटीची किंकाळी ऐकू आली. परसात जाऊन आलेला धाकटा भिंतीला टेकून उभा होता, पांढराफटक. लघवी लाल झाली होती. पेटीवाल्यानं मागाहून सांगितलं, की त्या औषधानं रंग येतोच, रक्त नव्हे ते. पण तोपर्यंत धाकटीच्या डोळ्यांतलं सगळं पाणी आटलं होतं आणि आळीभर बातमी गेली होती, की रक्त जातंय.

रक्त म्हटल्यावर थोरलीचा जीव गार व्हायला हवा होता. झाला नाही. तिला पहिल्यांदाच भीती वाटली. कोर्सची गोळी जड, पोट आधीच गेलेलं, माणूस काडीसारखा. आज सांगू, उद्या सांगू, असं करत तिनं चार दिवस काढले. सांगायचं तर आधी सांगितलं का नाही, हेही सांगावं लागणार होतं.

पाचव्या दिवशी टळटळीत दुपारी मापाडी आला. खांद्यावर पिशवी, मानेवर पोत्यांचे घट्टे. अंगणात पाऊल टाकलं आणि तो तिथंच थांबला. पलीकडच्या पडवीत धाकटा खोकत होता. मापाड्यानं पिशवी खाली ठेवली नाही, पाय धुतले नाहीत.

"हा खोकला कधीपासून?" तो ओरडलाच. "दाबाची गोळी चालू आहे का तुला? गुलाबी?"

धाकटी पट्टी घेऊन धावत आली. मापाड्यानं ती बघितली. "अरे, हीच ती! हिनंच मला झाला होता. डॉक्टरनं गोळी बदलली आणि तीन आठवड्यांत गेला. तुला छातीचं काही नाही रे बाबा."

धाकटी जागच्या जागी थांबली. तिनं सावकाश मान वळवून थोरलीकडं बघितलं. म्हातारी खाटेवर उठून बसली. मापाडीही वळला. त्याच्या चेहऱ्यावर संशय नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. मग ते आश्चर्यही त्यानं झटकलं.

"तुझ्या लक्षात राहिलं नसेल," तो म्हणाला. "कामाच्या रगाड्यात."

किती सोपं होतं. हो म्हणायचं, कपाळाला हात लावायचा. नवऱ्यानं स्वतःच दार उघडून धरलं होतं.

"लक्षात होतं," थोरली म्हणाली. "रोज लक्षात होतं. पहिला खोकला मी ह्या भिंतीला टेकून ऐकला. सोमवार होता. हिनं मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले. मुद्दाम बोलले."

"कैदाशिणी!" म्हातारी किंचाळली.

"आहे मी कैदाशीण. आता ह्यांना विचारा." तिनं दिराकडं बोट केलं. "भावजी, ह्यांच्या थुंकीत रक्त कुणी बघितलं होतं? चेअरमनला जाऊन कोण सांगून आलं? मी माझं सांगितलं. तुम्ही तुमचं सांगा."

मापाडी भावाकडं बघायला लागला. धाकट्यानं तोंड उघडलं आणि त्याला खोकला लागला. कुणी पाणी आणायला उठलं नाही, धाकटीसुद्धा. तो खांबाला धरून वाकला, खोकून खोकून डोळे पुसले, आणि जमिनीकडं बघत म्हणाला,

"रक्त नव्हतं. मी बघितलं नव्हतं दादा. एकालाच ठेवणार होते. मीच म्हटलं होतं."

हे वाक्य ऐकायला थोरली इतके महिने वाळू चाळत होती, भिंतीला कान लावत होती. ते आलं. तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, आता तरी ह्याला चीड येईल म्हणून. मापाडी पायरीवर बसला. पिशवी अजून खांद्यावरच होती. मग उठला आणि त्यानं धाकटीच्या हातातून पट्टी घेऊन खिशात घातली.

"उद्या सकाळच्या पहिल्या गाडीनं मोठ्या दवाखान्यात जायचं," तो भावाला म्हणाला. "पेटीवाल्यानं दिलेलं सगळं बरोबर घे. आपल्या मनानं काही बंद करायचं नाही. मी येतो."

तो पाय धुवायला टाकीकडं निघाला. थोरलीच्या जवळून जाताना तिच्याकडं न बघता म्हणाला, "तू पण चल."

"मी कशाला?"

"गोळी कधी सुरू झाली, खोकला कुठल्या वारी लागला, मग काय काय दिलं, त्यानं काय काय झालं, हे सगळं डॉक्टर विचारतील," मापाडी म्हणाला. "तुझ्याइतकं नीट कुणाला सांगता येणार आहे?"